उलव्यातला बंद गाळा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात सकाळच्या गाड्या लागल्या होत्या. हौसेराव शेवटच्या थरातली गोणी पाठीवर घेऊन धक्क्यावर आला, दोन पावलं चालला आणि त्याच्या कमरेत कळ उठली. गोणी खांद्यावरून घसरली, तिची शिवण उसवली आणि लाल कांदे धक्क्याच्या कडेवरून टपटप खाली रस्त्यावर पडायला लागले.

तिथंच एका गाळ्यापुढं वेणूबाई बायकांच्या घोळक्यात कांदा निवडत बसली होती. आवाज ऐकून तिनं मान वर केली. नवरा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. धड उभं राहता येत नव्हतं, धड बसता येत नव्हतं. ती उठली, पण त्याच्याकडं गेली नाही. चारचौघांत बायकोनं येऊन कमरेला हात लावलेला त्याला चालला नसता. ती खाली उतरली आणि पदरात कांदे वेचायला लागली. वेचता वेचता त्याच्याकडं बघत राहिली.

गाळ्याचा हिशेब लिहिणारा मेहता आतूनच म्हणाला, "हौसेराव, किती दिवस ओढणार? पोरांना द्या आता."

हौसेरावनं खांद्यावरचं बारदान काढून तोंड पुसलं.

त्याच्या वाटणीच्या गोण्या त्या दिवशी हमालांच्या टोळीनं उचलल्या. दुसऱ्या दिवशीही उचलल्या. टोळीचा रिवाज असा, की दिवसाची मजुरी सगळ्यांत सारखी वाटायची; कुणी किती उचललं ते विचारायचं नाही. हौसेराव फाटक्या गोण्या शिवत बसायचा आणि मुकादम त्याच्या हातावर इतरांइतकेच पैसे ठेवायचा. ते घेताना त्याला वर बघवेना. आठवडाभरानं तोच मुकादमाला म्हणाला, "माथाडीचा बिल्ला जमा करतो. माझा फंड काढा."

सारसोळ्यात पुतळा कोळिणीच्या घरामागं त्यांची भाड्याची खोली होती. हौसेराव तिथं पालथा पडून राहू लागला. मुलगी मोनाली सीवूड्सला एका लॅबच्या काउंटरवर कामाला होती. ती कामावर जाण्याआधी बापाच्या कमरेवर स्प्रे मारून जायची. फंड निघणार ही बातमी साताऱ्याकडं गावी पोचली आणि फोन सुरू झाले. भाऊ म्हणाला, बोअर मारू. टोळीतला खाशाबा म्हणाला, गावाकडं जमीन निघालीय, निम्मी निम्मी घेऊ. मोनाली म्हणाली, बँकेत ठेवा आणि गप बसा. हौसेराव सगळ्यांना "बघू" म्हणायचा.

मग एका रविवारी भैरू आला. हौसेरावच्या चुलतभावाचा हा मुलगा आधी टोळीतच होता. पायावर गोणी पडल्यापासून मार्केट सोडून तो खाडीपलीकडं उलव्यात जागांची दलाली करत होता. दारात गाडी लावून तो म्हणाला, "काका, पैसा झोपवून ठेवू नका. उलव्याला चला. बघायला काय पैसे पडतात?"

"बघायला जाऊ की," वेणूबाई लगेच म्हणाली. चाळिशी ओलांडली तरी मुंबईत काय कुठं आहे हे तिला मार्केट, खोली आणि दवाखाना यांपलीकडं माहीत नव्हतं. उलवे तिनं पुतळाच्या तोंडून ऐकलेलं. पुतळाची लेक तिकडं दिलेली, आणि पुतळा रोज मासळीची पाटी घेऊन तिकडंच बसायची.

भैरूची गाडी खाडीपूल उतरून रुंद रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना उंच इमारती होत्या, मधल्या मोकळ्या जागांत गवत वाढलं होतं आणि डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की वेणूबाईनं मान आत ओढली.

"ह्या घरात कोन ऱ्हातंय?" तिनं एका इमारतीकडं बोट दाखवलं. निम्म्या खिडक्यांना पडदे नव्हते.

"कोणी नाही काकी. इन्व्हेस्टमेंट आहे."

"म्हंजी घर घ्यायचं आन ऱ्हायाचं न्हाई?"

"भाव वाढेपर्यंत ठेवायचं."

"आन वाढला की?"

"विकायचं."

"मग घेनारा तरी ऱ्हानार न्हवं?"

भैरू हसला. "तोपण ठेवणार."

वेणूबाई बराच वेळ त्या खिडक्यांकडं बघत राहिली. तिच्या डोक्यातनं ते जाईना.

भैरूनं त्यांना एका नव्या इमारतीतला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला नेलं. दारात एका मुलीनं चपला काढायला लावून पायात घालायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. हौसेरावनं भिंतीला धरून एक पाय वर घेतला. कमरेनं साथ दिली नाही. पिशवी टाचेपाशी अडली, आणि टाचेच्या भेगेत अडकून टरकन फाटली. मुलीनं दुसरी दिली. तीही फाटली. "राहू द्या काका, तसेच या," ती म्हणाली, पण आत लादीवर त्याचं पाऊल पडेल तिथं ती बघत होती. हौसेराव दारातच थांबला. "तू बघून ये," तो वेणूबाईला म्हणाला.

फ्लॅटची किंमत ऐकून दोघंही परत गाडीत येऊन बसले. येताना एका कोपऱ्यावर सिग्नल लागला आणि वेणूबाईला तो गाळा दिसला.

कोपऱ्यावरचीच इमारत. खाली ओळीनं दुकानं होती, दूधवाला, सलून, पोळी-भाजी केंद्र, आणि सगळीकडं माणसं. टोकाचा गाळा तेवढा रिकामा. शटर वर होतं, आत ट्यूबलाइट चालू होती आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पांढरा सदरा घातलेला म्हातारा माणूस पेपर वाचत बसला होता. बाकी गाळ्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

"ह्यो काय इकतो?"

"काही नाही. जयप्रकाश साहेब आहेत ते. वरच राहतात. गाळा विकायला काढलाय," भैरू म्हणाला. "तो सोडा काकी. डोक्याला ताप आहे."

"का? म्हाग हाय?"

"उलट. शेजारचे सत्तरला गेले, हे चाळीस लाखच म्हणतात. पण त्यात एक रुपया कमी करत नाहीत. आणि घ्यायला कोणी तयार नाही. तीन भाडेकरू आले, तिन्ही गेले."

"का गेले?"

"काय माहीत. जागेला लोक नावं ठेवायला लागले."

"आरं, पन का गेले?"

सिग्नल सुटला. भैरूनं खांदे उडवले. वेणूबाई मागच्या काचेतून तो गाळा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं पुतळाला विचारलं. पुतळा तोंडात मिश्रीचं बोट घालून म्हणाली, "तो कोपऱ्यावरचा? त्याचे समोरच मी बसतंय. मना काय म्हाईत गो का चालत नाय. तू ये माझे बरोबर, बस जरा. बसल्याबिगर कलनार नाय."

हौसेराव भडकला. "लोकाच्या दारात फुटपाथवर बसनार? कशापायी?"

"बगायला."

"काय बगायला?"

"त्ये बसल्यावर कळंल," वेणूबाई म्हणाली आणि मार्केटातनं सुटे कांदे आणि मेथीच्या जुड्या घेऊन पुतळाबरोबर बसमध्ये चढली.

ती गाळ्याच्या बरोबर खाली बसली. मागं सात पायऱ्या होत्या. पायऱ्या चढल्या की गाळा. शेजारची दुकानं रस्त्याच्या उतारावर वरच्या अंगाला होती, त्यांना एखादीच पायरी. रस्ता खाली उतरत आल्यानं या टोकाला जोतं छातीएवढं वर गेलं होतं. ऊन कधी येतं, सावली कधी सरते, गटाराचा वास येतो का, कोणत्या वेळी कुठनं माणूस येतो, हे ती बघत राहिली. वास येत नव्हता. सावली चांगली होती. माणूसही ढीग होता. दुसऱ्या दिवशी तिचा माल दुपारीच संपला.

गाळा रिकामा, आणि गाळ्याच्या पायथ्याशी मेथी हातोहात खपते, हे तिला भलतंच नवल वाटलं.

जयप्रकाश साहेब सकाळी शटर उघडायचे, पेपर वाचायचे, जेवायला वर जायचे, पुन्हा यायचे. तिसऱ्या दिवशी ते पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी उभे राहून म्हणाले, "बाई, इथे बसायला परवानगी घेतलीत का?"

वेणूबाई उभी राहिली. "न्हाई साहेब. उठते."

तेवढ्यात इमारतीच्या जिन्यातून त्यांच्या पत्नी चारुलता पिशवी घेऊन खाली आल्या. "बसू द्या हो. निदान गाळ्यासमोर कोणी तरी थांबतंय." त्यांनी मेथीची जुडी घेतली, देठ दाबून बघितला आणि वेणूबाईला विचारलं, "पाणी हवंय?"

त्या दिवसापासून चारुलताबाई पाण्याची बाटली घेऊन यायच्या आणि शेवटच्या पायरीवर बसायच्या. गाळ्याची कथा तुकड्या-तुकड्यानं वेणूबाईला कळली. साहेब विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. गिरगावातली खोली विकून वरचा फ्लॅट आणि खालचा गाळा घेतला. भाड्यावर म्हातारपण निघेल असा हिशेब होता. आधी किराणा आला, मग औषधवाला, मग मोबाईलवाला. एकेक करून गेले. साहेब कुणाशी भांडले नाहीत, पण तेव्हापासून रोज शटर उघडून बसतात.

"का बसतात?"

"बंद शटर बघितलं की लोक भाव पाडतात, म्हणतात." चारुलताबाईंनी वर गाळ्याकडं बघितलं. "खरं सांगू? मला वाटतं, त्यांनाही बघायचंय, का चालत नाही ते."

चालत का नाही हे वेणूबाईला एका दुपारी दिसलं. बरोबर लहान मूल आणि हातात दोन पिशव्या घेतलेली एक बाई पायऱ्यांशी आली, वर रिकाम्या गाळ्याकडं तिनं उगाच नजर टाकली, पायऱ्या बघितल्या आणि न चढताच खाली वेणूबाईशी वाकली. मग एक म्हातारी आली. तिनंही तसंच केलं. वेणूबाईनं मान वळवून त्या पायऱ्या पहिल्यांदा नीट बघितल्या.

"साहेब," तिनं वर बघून विचारलं, "पायऱ्यांमुळं तर न्हवं?"

जयप्रकाशांनी पेपर खाली केला. "पायऱ्यांमुळेच," ते शांतपणे म्हणाले. "मला पहिल्या वर्षीच कळलं. बिल्डरला विचारलं, सोसायटीला विचारलं. जोतं कमी करता येत नाही. खाडीचं पाणी चढतं म्हणून इमारतच उचललीय."

"मग घेनाऱ्याला सांगता?"

"सांगतो. म्हणून तर कोणी घेत नाही."

वेणूबाई पुन्हा मालाकडं वळली. उत्तर मिळालं होतं आणि तरी तिचं मन भरलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं हौसेरावला सगळं सांगितलं. तो पालथा पडून ऐकत होता. "मग झालं की," तो म्हणाला. "कळलं न्हवं? आता बस कर."

पण खोलीत पडून त्यालाही कंटाळा आला होता. बायको रोज नवीन काहीतरी सांगत होती आणि तो छताकडं बघत होता. शनिवारी मार्केटातनं एक ओळखीचा टेम्पो उरणकडं निघाला होता. हौसेरावनं वेणूबाईसाठी कांद्याची एक गोणी त्यात टाकून घेतली आणि कमरेला पट्टा बांधून ड्रायव्हरशेजारी बसून स्वतःही आला.

रस्त्यावर गर्दी होती. ड्रायव्हरला लवकर सुटायचं होतं. त्यानं टेम्पो मागं घेत घेत पायऱ्यांच्या बाजूनं थेट गाळ्याच्या जोत्याला भिडवला. मागचा फाळका खाली पाडला तो धाडकन गाळ्याच्या लादीवर जाऊन पडला. हौसेराव चढला, एका हातानं गोणीचा कान धरला, पायानं तिला जरा रेटा दिला आणि गोणी सरकत गाळ्यात गेली. त्याला वाकावंही लागलं नाही.

जयप्रकाश खुर्चीतून उठले. त्यांनी फाळक्याकडं बघितलं, लादीकडं बघितलं. मग चष्मा काढून पुन्हा घातला.

"अहो, हे तर एका पातळीत आलं," ते म्हणाले.

हौसेराव फाळक्यावर उभा होता. त्यानं एक पाय गाळ्यात टाकला, पुन्हा टेम्पोत टाकला, पुन्हा गाळ्यात टाकला. खाली वेणूबाई, शेजारी पुतळा, जिन्याच्या दारात चारुलताबाई, सगळ्याच बघत होत्या.

"धक्काच हाय की ह्यो," हौसेराव म्हणाला. "मार्केटातल्यावानी."

"म्हणजे?" जयप्रकाशांनी विचारलं.

"म्हंजी गिऱ्हाइकानं कशाला चढायचं साहेब? माल हितं उतरायचा, आन हितनंच टेम्पोनं हाटेलात, सोसायट्यांत जायाचा. उचलायचं कामच न्हाई."

जयप्रकाश हळूच हसले. "आठ वर्षं मी इथे माणसांची वाट बघतोय," ते म्हणाले. "गोण्यांची बघायला हवी होती."

त्या दिवशी हौसेराव गाळ्यातून निघेना. पावलांनी लांबी मोजली, भिंतीला हात लावून ओल आहे का बघितली, मागची खिडकी उघडून वारा येतो का बघितलं. कांद्याला वारा लागतो. साहेब त्याच्यामागून फिरत होते आणि विचारत होते: बटाटा किती दिवस टिकतो, कांद्याला कोंब का येतो, गोणी शिवायला दाभण कुठलं लागतं. हौसेराव सांगत होता, मध्येच थांबून उलट विचारत होता: लाइटचं बिल कोण भरतं, सोसायटी माल ठेवू देईल का. "ते मी बघतो," साहेब म्हणाले.

गाळा घ्यायचा तर आता पैशाचा प्रश्न होता. हौसेरावचा फंड एकट्याचा. त्यात गाळ्याचा कोपराही आला नसता. तो मार्केटात मुकादमाकडं गेला. दुपारच्या सुट्टीत टोळीतले साठीला टेकलेले सहाजण गोण्यांवर बसले आणि हौसेरावनं सगळं सांगितलं.

मुकादम तंबाखू मळत ऐकत होता. "म्हंजी कंबर गेलेल्यांची टोळी काढायची म्हन की."

सगळे हसले, पण हसू लवकर थांबलं. प्रत्येकाचा हात कुठंतरी होता, कुणाचा गुडघ्यावर, कुणाचा मानेवर.

सगळ्यांनी गाळा बघितला. प्रत्येकानं टेम्पो नसतानाही जोत्याशी उभं राहून छातीपर्यंत हात लावून बघितला. चौघं आणि मुकादम लगेच तयार झाले. खाशाबाही तयार झाला.

उरलेल्या पैशासाठी हौसेराव आणि मुकादम बँकेत गेले. मोनाली बरोबर होती. तिथला मुलगा नीट बोलला, पाणीही दिलं. पण वय ऐकलं, उत्पन्न दर महिन्याला वेगळं आहे हे बघितलं आणि म्हणाला, "काका, गॅरंटीला कोणी पगारदार आहे का?" हौसेरावनं मोनालीकडं बघितलं. मोनाली आपला पगार सांगायला तोंड उघडणार तोच हौसेराव उठला. "पोरीच्या गळ्यात न्हाई घालायचं," तो म्हणाला. बाहेर आल्यावर मोनाली चिडली. "आबा, मी काय परकी आहे का?" कमरेचा पट्टा आवळत तो पायऱ्या उतरला, एकेक, बाजूनं.

त्याच आठवड्यात खाशाबा मागं सरला. गावची जमीन त्याला मिळत होती. "रागावू नका," तो म्हणाला. "मातीत पैसा घातला की मला झोप लागती. तिथं मला भीती वाटती." कुणी रागावलं नाही. पण आता निम्मेच पैसे जमत होते, तेही बायकांचे दागिने धरून.

भैरू म्हणाला, "काका, साहेबांना भाव पाडायला सांगा. त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. मी बोलतो, आठवड्यात तीसला आणतो."

"नगं," हौसेराव म्हणाला. पण त्याच्याकडंही दुसरा उपाय नव्हता. दोन दिवस तो उलव्याला गेलाच नाही.

वेणूबाई गेली. चारुलताबाई पायरीवर येऊन बसल्या, तेव्हा तिनं सरळ विचारलं, "ताई, एक इचारू? गाळा इकून आल्याला पैसा तुमी काय करनार?"

चारुलताबाई चमकल्या. इतके दलाल आले, इतकी बोलणी झाली. भाव सगळ्यांनी विचारला होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

"बँकेत ठेवणार," त्या म्हणाल्या. "आणि दर महिन्याला व्याज काढून घर चालवणार. दुसरं काय? मुलगा पार्थ बंगळूरला असतो. त्याच्याकडे मागायचं नाही म्हणतात हे."

"म्हंजी तुमाला समदा पैसा एकदम नगंच हाय."

"एकदम काय करायचाय? म्हातारपणी लुबाडायला येतात लोक."

"मग निम्मा आता घ्या," वेणूबाई म्हणाली. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारताना तिचा हात थांबला होता. "उरल्याला आमी म्हैन्याच्या म्हैन्याला देतो, भाड्यावानी. फिटंस्तवर गाळा तुमचाच. भाव साहेबांचा, मुदत आमची."

चारुलताबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग उठून पायऱ्या चढून वर गेल्या. थोड्या वेळानं साहेबांचा आवाज आला, "भाव तोच ना? एक रुपया कमी नाही?" आणि चारुलताबाईंचा, "तोच हो, तोच."

जयप्रकाश पायऱ्या उतरून वेणूबाईच्या पाटीसमोर येऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत ते तिच्या पाटीपाशी पहिल्यांदाच थांबले होते. "हप्ता चुकला तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुमी परत खुर्ची टाकून बसा," वेणूबाई म्हणाली. मग आपलंच बोलणं ऐकून दचकली. "चुकनार न्हाई साहेब. टोळी हाय. एक पडला तर बाकीचे उचलत्यात."

साहेबांनी विचार करायला दोन दिवस घेतले. वकिलाला विचारलं, पार्थला फोन केला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माल ठेवायचा अर्ज स्वतः वाचून दाखवला. भैरूनं निम्मी दलाली आत्ता आणि निम्मी हप्त्यांबरोबर घ्यायची असं ऐकून कपाळाला हात लावला. "काकी, तुम्ही माझ्या धंद्यात या, नाहीतर मी उपाशी मरेन," तो म्हणाला, पण कागद धावपळ करून त्यानंच गोळा केले.

साठेखताच्या दिवशी सगळे नोंदणी कार्यालयात आले. अर्धे पैसे आत्ता, बाकीचे महिन्याच्या महिन्याला, सगळे फिटले की पक्कं खरेदीखत, असं वकिलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. टोळीच्या वतीनं नावं हौसेरावची आणि मुकादमाची होती. हौसेरावनं लग्नाला शिवलेला सदरा घातला होता. वेणूबाईनं गळ्यात काळी पोत तेवढी ठेवली होती, बाकीचं अर्ध्या पैशात गेलं होतं.

साहेबांचा अंगठा यंत्रावर पहिल्याच खेपेला उमटला. मुकादमाचाही उमटला, त्यानं वर्षानुवर्षं गोणी उचलली नव्हती, नुसती उचलून घेतली होती. मग हौसेरावनं अंगठा काचेवर ठेवला. यंत्र नुसतंच पीं पीं करायला लागलं.

"नीट दाबा," कारकून म्हणाला.

त्यानं दाबला. यंत्र तसंच ओरडलं. कारकुनानं त्याचा अंगठा स्वतःच्या हातात घेऊन कापडानं पुसला, पुन्हा टेकवला. दुसऱ्या हाताचा अंगठा घेतला. पहिलं बोट, मधलं बोट. मागं रांग लागली होती, कुणीतरी म्हणालं, "अहो, किती वेळ?" हौसेरावच्या मानेवर घाम आला. कांद्याच्या गोण्यांच्या सुतळीनं बोटं घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. यंत्राला तिथं काहीच सापडत नव्हतं.

"रेषाच नाहीत काका," कारकून वैतागून म्हणाला. "काम काय करता?"

"हमाली."

"मग असंच होतं. नाही उमटलं तर वेगळे कागद करावे लागतील, दुसऱ्या दिवशी या."

हौसेराव हात मागं घ्यायला लागला. तेव्हा रांगेतून बाहेर येऊन वेणूबाई खिडकीशी आली. इतक्या माणसांत तिनं त्याचा हात धरला आणि त्याची करंगळी पुढं केली. "ही बगा की," ती म्हणाली. "ही गोणीला लागत न्हाई."

कारकुनानं करंगळी काचेवर टेकवली. यंत्र गप्प झालं. पडद्यावर हिरवी खूण आली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. साहेब आणि चारुलताबाई रिक्षा बघत होते, मुकादम चहाची ऑर्डर देत होता, भैरू कुणाशी तरी फोनवर बोलत होता. वेणूबाईनं हौसेरावचा हात अजून सोडला नव्हता. तिनं करंगळी उन्हात धरली, उलटी-सुलटी केली, डोळ्यांशी नेली. बारीक गोल रेषा, एकात एक.

"किती रेगा हायत," ती म्हणाली. "मी कधी बगितल्याच न्हाईत."

"सोड, लोकं बगत्यात," हौसेराव म्हणाला आणि हात ओढायला लागला.

"थांबा की जरा," वेणूबाई म्हणाली. "बगू द्या."

त्यानं हात तसाच राहू दिला.